आठव्या महिन्यातला नवस

नवस बोललो मी आणि चालायचं घातलं हिच्यावर, इतका मी शहाणा! आमचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला आठवा लागला, तेव्हा ही लालबागहून प्रभादेवीपर्यंत अनवाणी येईल, असं मी देवीला परस्पर कबूल करून टाकलं. देवी ऐकते की नाही, ही शंका मनात होतीच. हिचे पाय सुजले होते, पण आता मुलगाच होणार म्हणून माझी आई खुशीत. "पाय सुजले म्हणजे झील होतलो!"

त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ होता. ट्राम बंद, रस्ता मोकळा. मला वाटलं, नवसाला बरंच झालं. देवळाच्या पायरीवर ही कशीबशी टेकली. शेजारी एक प्रौढ नर्सबाई होत्या. वाहन नाही म्हणून वरळीहून परळच्या इस्पितळात चालत निघालेल्या, वाटेत दर्शनाला थांबलेल्या. हिचे पाय पाहून त्यांनी नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

"डोकं दुखतं?"

"दुखतं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात," ही म्हणाली.

"कुठे तपासून घेता?"

"दर मंगळवारी अंगारा लावतो," मी मध्येच म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. "पहिलं गेलं का हो?" त्यांनी हिला हळूच विचारलं. हिने मान डोलावली. "उठा. आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चला."

रस्त्याने चाललेल्या मोर्च्यातल्या पोरांनी झेंड्यांची हातगाडी रिकामी करून दिली. हिला तीत बसवून आम्ही परळ गाठलं. रक्तदाब फार चढला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अशा वेळी वारेतून बाळाला रक्त पुरत नाही. मागेही हेच झालं असेल. पहिल्यापासून तपासायला आणलं असतंत, तर वेळीच कळलं असतं."

हिला तिथेच निजवून ठेवलं, मीठ तोडलं, आणि दिवस भरायच्या आधीच बाळंत केलं. बाहेर बाकावर बसून मी नवा नवस बोलायला गेलो, पण शब्दच सुचेना. आजवर मी देवीला अटीच घालत आलो होतो. त्या दिवशी प्रथमच नुसते हात जोडले. तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं. मुलगी!

त्या बाईंना देवीने धाडलं की हरताळाने, हा वाद मी घालत नाही. मदतीला आलेला हात देवीचाच मानून धरावा, एवढं मला कळलं.

पुढे देवीची ओटी भरून आलो आणि मी चाळीत तिची कृपा रंगवून सांगू लागलो. हिने मुलगी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "हिला घ्या जरा. वरच्या खोलीतल्या शेवंतीला तिसरा लागलाय. तिला तपासायला नेऊन आणते."