मागचं सीट

आज चौकात सिग्नलला एक बॉबर उभी होती. जुन्या मोटारसायकलचं जास्तीचं सगळं कापून एकट्यापुरती बसकी गाडी बनवतात, तसली. तिचा मालक थांबल्या थांबल्या टाकी पुसत होता.

अशीच एक मीही करून घेतली, वडिलांच्या गाडीची. तिच्यावर मागं बसवून त्यांनी मला तीन वर्षं तालुक्याच्या कॉलेजला पोचवलं, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. पुढं त्यांचे गुडघे गेले आणि गाडी पडून राहिली. कापण्याआधी मिस्त्रींनी विचारलं होतं, "सर, मागची चेसिस गेली की दुसरं माणूस बसणार नाही. कापू ना?"

"कापा. देखणी दिसली पाहिजे."

गाडी घरी आणली तेव्हा वडील इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात तयार उभे होते. गाडीभोवती त्यांनी हळूहळू एक फेरी मारली.

"झकास केलीस रे!" म्हणाले. मग हसले. "मला वाटलं, आता तू चालवणार आन् मी मागं बसणार."

सिग्नल सुटला. बॉबर दिमाखात निघाली. तिच्या मागच्या चाकावरची मोकळी जागा मी वळणापर्यंत बघत राहिलो.