मैदानाबाहेरचा हॉर्न
स्कूटरच्या डिक्कीत धनुष्याच्या दोरीला लावायच्या मेणाचा वास अजून येतो, आणि ती संध्याकाळ आठवते. माझी मुलगी तेव्हा परदेशातल्या स्पर्धेत भारताच्या महिला संघातून खेळून नुकतीच परतली होती. तिघींनी मिळून ठरलेल्या वेळात, एकाच घड्याळावर आळीपाळीनं बाण सोडायचे; शेवटचा हिचा. वेळ शिल्लक असूनही तिनं घाई केली आणि पदक हुकलं. सामना चालू असताना बेसा वस्तीतल्या आमच्या घरात टीव्हीसमोर मी मान खाली घातली, कारण ती घाई माझी होती. तिला घरी सोडून बुटीबोरीच्या कारखान्यातली रात्रपाळी गाठायची म्हणून मी वर्षानुवर्षं तिच्या सरावाच्या मैदानाबाहेर हॉर्न वाजवत ओरडायचो, "आटप वं, मले उशीर होऊन राहिला." ती परतल्यानंतरच्या त्या संध्याकाळी मात्र मैदानाबाहेर स्कूटर बंद करून मी हॉर्न न वाजवता कडुनिंबाखाली बसलो. थोड्या वेळानं तीच धावत बाहेर आली. "हॉर्न काहून नाही वाजवला, बाबा? मले वाटलं, विसरलेच तुम्ही." "होऊ दे म्हटलं तुझं सावकाश." "अन् ड्युटी?" "जाईन उशिरा." तिनं मेणाची डबी माझ्या हातात ठेवली आणि "मग अजून थोडे बाण मारून येतो" म्हणत आत पळाली. आता ती नोकरीच्या गावी असते. फोनवर बोलता बोलता ती गप्प झाली, तर मीही गप्प राहतो. तिला बोलायचं असेल तेव्हा ती बोलते.