डोक्यावर ऊन, घरात मशीन बंद

भर दुपारी वीज गेली, तर छपरावरचं सोलर तुमचं घर चालवेल का? "चालवेलच की, ऊन तर आहे!" असंच म्हणालात ना? आमच्या गल्लीतल्या काकूंनाही तसंच वाटलं होतं. फरक इतकाच, की त्यांच्या या समजुतीवर नवऱ्याचा श्वास टांगलेला आहे.

नवरा म्हणजे आमचे उजेडकाका. उभी हयात वायरमन. खांबावर चढून गल्लीची वीज परत आणायचे, म्हणून आम्ही पोरासोरांनी ठेवलेलं नाव. निवृत्त झाले आणि फुप्फुसांनी संप पुकारला. आता नाकात नळी आणि खुर्चीशेजारी ऑक्सिजनचं मशीन. मशीन चालतं विजेवर, आणि आमच्याकडची वीज लाडावलेल्या जावयासारखी. कधी रुसेल, नेम नाही.

काका दवाखान्यात होते तेव्हा काकूंनी सोलरवाल्याला बोलावलं. दोन खोल्यांचं घर, वरचा स्लॅब टीचभर. कपडे वाळवायच्या दोऱ्या सोडल्या, टाकी कोपऱ्यात सरकवली, पॅनल बसले. काका रिक्षातून उतरले ते मान वर करून बघतच राहिले.

"बॅटरी कुठं ठेवलीत?"

"बॅटरी कशाला? उन्हावर चालतं ते!"

काकू इतक्या खुशीत होत्या, की काका पुढे बोललेच नाहीत.

मग एका दुपारी वीज गेली. बाहेर डांबर वितळतंय आणि आत मशीन किंचाळून गप्प. काकू ओला फडका घेऊन वर धावल्या. धूळ बसली असेल म्हणून तापलेले पॅनल पुसत बसल्या! खाली आल्या तेव्हा काका गुडघ्यांवर कोपरं टेकून श्वास ओढत होते.

"पळू नकोस उगाच," ते तुटक तुटक म्हणाले. "लाइन गेली की हेही बंद पडतं. पडायलाच हवं."

घरातला छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर लावला, वेळ निभावली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी तणतणत सोलरवाल्याच्या दुकानात गेले.

"वीज गेल्यावर चालत नाही, हे सांगितलं का नाही?"

"ताई, त्यांनी विचारलंच नाही."

"तुझ्या घरी म्हातारी माणसं आहेत की नाहीत?"

तो मोबाइलमध्ये बघायला लागला. बॅटरीवाला संच वेगळा असतो म्हणे. होते नव्हते ते पैसे पॅनलमध्ये गेले, तो आता काकू कुठून आणणार?

काकांचा भाचा इलेक्ट्रिशियन. तो पिशवी घेऊन आला. "मामा, एक छोटा इन्व्हर्टर जोडतो. एवढ्याशावर मशीन चालणार नाही, पण सोलरला वाटेल लाइन चालू आहे. मामीनं आधी मेन स्विच पाडायचा, मग हा चालू करायचा. झालं!"

"आणि मेन पाडायला विसरली तर?"

"नाही विसरणार हो."

"मी इथं तडफडत असेन आणि ती आठवून आठवून बटणं दाबेल? गप रे." काका दम घ्यायला थांबले. "आमचा लाइनवरचा जोडीदार असाच गेला. लाइन बंद करून चढला होता. कुणाच्या तरी घरातून वीज उलटी तारेत आली. त्या घरातलेही म्हणत होते, आम्ही मेन पाडला होता. मीच उतरवला त्याला खाली."

काकूंचा बांध फुटला. "खांबावरच्या परक्याची काळजी! आणि मी कोण तुमची?"

"तो खांबावर मरेल, मी खुर्चीत मरेन," काका म्हणाले. "खुर्ची बरी."

मी आयुष्यभर मोर्चात घसा फोडलाय, कुणालाही उलटं उत्तर देते. त्या खोलीत मी फक्त इन्व्हर्टर उचलून भाच्याच्या हातात दिला. भाचा पिशवी घेऊन निघून गेला.

आता वीज जवळपास रोज जाते. सिलिंडर भरून यायला उशीर होतो. पॅनल वर तळपत असतात आणि खाली काकू पुठ्ठ्यानं वारा घालत बसतात. वाऱ्यानं काही होत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले. काकांचे ओठ दर खेपेला जरा जास्त निळे पडतात, आणि वीज आल्यावर पूर्वीइतके उजळत नाहीत.

तुमच्या घरी कुणाच्या आजारपणातला ऑक्सिजनचा सिलिंडर माळ्यावर पडून असेल, तर तो खाली काढा, भरून घ्या आणि आमच्या गल्लीत, पाण्याच्या उंच टाकीमागच्या दुसऱ्या घरात, काकांकडे आजच्या आज आणून द्या. मागाहून सांत्वनाला येऊ नका.