हलक्या मेथीतलं फायबर

पुण्यात फूड टेक्नॉलॉजी शिकून दुबईत अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये नुसतं बसून राहणं मला जमत नव्हतं. म्हणून लग्नानंतर दोन वर्षांनी जबल अलीतल्या एका मसाल्याच्या कंपनीत लॅबची नोकरी धरली. नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं.

गोदामात मेथीच्या हलक्या मालाची पोती पडून होती. फुटके, काळपटलेले दाणे, पाकिटात भरण्याजोगे नव्हते. मॅनेजर म्हणाले, "इसमें से फायबर निकालो. बेकरीवाले पूछ रहे हैं. कितना टाइम लगेगा?"

मी घाईघाईने "तीन हफ्ते" म्हणून बसले.

पुस्तकातल्यासारखं करायला गेले. मेथी दळायची, पाण्यात कालवायची, गाळायची, उरलेला चोथा वाळवायचा. पण पाण्यात पडली की ती बुळबुळीत व्हायची, फडक्याची भोकं बुजायची, थेंब खाली उतरायचा नाही. जो चोथा हाती यायचा तोही कडू. अल्कोहोलने धुतला असता तर कडूपणा निघाला असता, पण त्याच्या परवानगीचा कागद ऑफिसात कुठेतरी अडकलेला. विचारलं की एकच उत्तर, "इन्शाल्ला, कल."

तिसरा आठवडा लागला तशी मी घरीही धड बसेना. जेवताजेवता उठून वही उघडायची. नवरा सहज म्हणाला, "तुझ्या केसांना मेथीचा वास येतोय," तर त्याच्यावरच चिडले.

लॅबची भांडी धुवायला गोदामातले एक मामा यायचे. माण तालुक्यातले, चाळिशी उलटलेले. एक दिवस फडकं पिळता पिळता म्हणाले, "ताई, एक बोलू का? आधी भिजवताय कशाला?"

"मग काय करू?"

"भरडून चाळा की. आतल्या पिवळ्या डाळीचं पीठ होतं, ते खाली जातं. साल चिवट, ती वरच राहती. कडूपणा त्या पिठात जास्त. गावाकडं जनावरांसाठी भरडायचो, तेव्हा बघितलंय."

मी भरडून चाळली. चाळणीवर फिकट, टणक कण राहिले. ते दळून जिभेवर ठेवले. कडवट होते, पण सोसवतील इतकेच. तरी खात्री होईना. चार दिवस तेच पुन्हा पुन्हा करत राहिले.

बेकरीने नमुना पसंत केला. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'लॅबमध्ये शोधलेली पद्धत'. मामांचं नाव घालावंसं वाटलं होतं, पण भांडी धुणाऱ्या माणसाने मला शिकवलं हे मॅनेजरना कळू द्यायचं नव्हतं.

पुढच्या महिन्यात मामांना कंपनीच्या देरा भागातल्या गोदामात हलवलं. मला चैन पडेना. एका गुरुवारी काम सुटल्यावर टॅक्सी करून तिथे गेले.

"मामा, रिपोर्टात तुमचं नाव राहिलं." 'घातलं नाही' असं म्हणवेना.

"माल चालला ना? मग खलास," ते म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

शुक्रवारच्या सुट्टीनंतर शनिवारी मॅनेजरना सगळं सांगितलं. ते "ठीक है, ठीक है" म्हणत फोन घ्यायला वळले. मी रिपोर्टचं ते पान पुन्हा टाइप केलं, मामांचं नाव घातलं आणि फाइलला लावलं. ते कुणी वाचलं की नाही, मला कधीच कळलं नाही.