अन्वरभाईंच्या घरी प्रोसेसर बदलणार!

लूमच्या खाली रुई साठते ना, तसे आमच्या बिल्डिंगमध्ये किस्से साठतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी परत उशीभर! मी काही कुणाच्या घरात डोकवायला जात नाही. पण भिवंडीतल्या आमच्या नारपोलीचा उकाडा असा की दार उघडं ठेवावंच लागतं, आणि समोर अन्वरभाईंचंही दार उघडंच. आता डोळे काय मिटून बसू?

अन्वरभाईंचे साड्यांचे लूम आहेत. त्यांची सून नाझिया साडीच्या काठाची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायला शिकली. मग सासऱ्यांच्या मागे लागली, "अब्बा, बाहेरच्या डिझाइनरला कशाला देता? मला द्या!"

अन्वरभाई म्हणाले, "येत्या जुम्म्यापर्यंत दहा काठ काढून दाखव. झाले तर काम तुझं. नाही झाले तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही."

पोरगी हरखली. पण तिचा लॅपटॉप म्हणजे दुकानातला सगळ्यात स्वस्त! त्याचा प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू हो, भलताच मंद. तो बदलावा की नाही? आठवडाभर आमच्या मजल्यावर दुसरा विषय नव्हता.

*

नाझिया लॅपटॉपचं बटण दाबायची आणि कुकर लावायची. तिसऱ्या शिट्टीला लॅपटॉपवर फुलांचं चित्र यायचं, सहाव्या शिट्टीला डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडायचं. मग ती कुकर बंद करायची.

सोमवारी अन्वरभाई ताटावरून ओरडले, ते मला माझ्या मोरीत ऐकू आलं.

"बेटा, एक तर ते मशीन बदल, नाहीतर कुकर! हा भात आहे की ताण्याला लावायची खळ?"

*

मंगळवारी लॅपटॉप घेऊन सासरा-सून नाक्यावरच्या विलासच्या रिपेअरिंगच्या दुकानात गेले. मीही गेले, मला तसाही कढीपत्ता आणायचा होता.

विलासने लॅपटॉप उलटासुलटा केला. म्हणाला, "याच्यात दोन कोर, चार थ्रेड. कसं चालणार?"

थ्रेड म्हणजे धागा, एवढं इंग्रजी भिवंडीत सगळ्यांना येतं. अन्वरभाईंनी कपाळाला हात लावला.

"चार धागे? आणि यावर तू अख्खी साडी काढायला निघालीस?"

"चाचा, नवीन प्रोसेसर बसला तर सोळा थ्रेड मिळतील."

"सोळा धाग्यांची आमच्याकडे नाडी होते, बाबा!"

*

त्याच दुकानात आमचे हे पिशवी धरून उभे होते, काउंटरच्या अगदी समोर. विलास मान वर करून म्हणाला, "खरं सांगू? जनरेशनच जुनी आहे. जुनी जनरेशन लवकर तापते, आवाज फार करते आणि काम काहीच करत नाही. मधेच हँग होते!"

हे लालबुंद झाले.

"वडप्याच्या गोडाऊनमध्ये अजून बारा तासांची शिफ्ट करतो मी! विचार कुणालाही, एकदा तरी हँग झालो का?"

"काका, मी लॅपटॉपचं बोलतोय."

"तेच म्हणतोय मी! नाव लॅपटॉपचं घेतोस आणि बोलतोस मला!"

तीन दिवस हे त्या दुकानाच्या समोरच्या फुटपाथवरून गेले. प्रोसेसर बदलता येतो की नाही ते खोलल्याशिवाय कळणार नाही, गुरुवारी आणा, हे विलासचं शेवटचं वाक्य या भांडणात मलाच काय ते ऐकू आलं.

*

बुधवारपर्यंत चार काठ झाले होते आणि लॅपटॉप तव्यासारखा तापत होता. मी म्हटलं, याला खालून वारा पाहिजे. आमची बोंबील सुकवायची जाळी नेऊन दिली. धुऊन दिली हो, दोनदा!

लॅपटॉप खरोखर गार झाला. पाचवा काठ सुरू झाला. नाझिया चहा टाकायला आत गेली आणि जिन्यातली मांजर वासावर आली. जाळी हुंगली, चाटली, आणि बोंबील मिळत नाही म्हटल्यावर बटणांवर ऐसपैस झोपली. नाझिया येऊन बघते तर वेलबुट्टीतून आडव्यातिडव्या रेघा! बिचारी रडायच्या बेतात.

तेवढ्यात अन्वरभाई मागे येऊन उभे. चष्मा लावला, वाकून बघितलं.

"हा काठ कुणी काढला?"

"अब्बा, तो... ते..."

"वा! याला म्हणतात डिझाइन. हा पास! आधीचे चार परत काढ."

*

गुरुवारी सकाळी विलासने लॅपटॉप खोलला आणि मान हलवली.

"ताई, हा प्रोसेसर बदलताच येत नाही. असल्या स्वस्त लॅपटॉपला तो बोर्डालाच डाग देऊन बसवलेला असतो. बदलायचा तर अख्खा बोर्ड बदला."

मी म्हटलं, "म्हणजे नथीचा मोती बदलायला नाकच बदलायचं!"

"बरोबर, काकी. त्यापेक्षा मेमरी वाढवा, पळेल मस्त. पण तो तुकडा बाहेरून मागवावा लागेल. चार दिवस लागतील."

चार दिवस! आणि जुम्मा उद्यावर. नाझियाने घरी येऊन विचारून बघितलं. अन्वरभाई म्हणाले, "तारीख म्हणजे तारीख. लूम कुणासाठी थांबतो का?" पोरीने लॅपटॉप ओढणीत गुंडाळला आणि आत गेली. जेवली पण नाही.

*

आता यात माझी चूक एवढीच, की आदल्या दिवशी मी जिन्यात उभी राहून गणेशपुरीच्या बहिणीशी फोनवर बोलत होते. तिकडे रेंज नसते, म्हणून जरा मोठ्याने!

"अगं, अन्वरभाईंच्या घरी प्रोसेसर बदलायचं चाललंय! जुना फार स्लो झालाय. तापतो पण लगेच. सून म्हणते, काढून टाका!"

खाली टेम्पोवाला अन्वरभाईंचे तागे भरत होता. भिवंडीबाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्याकडे प्रोसेसर म्हणजे लूमवरचं कोरं कापड धुऊन, रंगवून देणारा कारखानदार. अन्वरभाईंचा प्रोसेसर म्हणजे रमणिकशेठ, पंचवीस वर्षांपासूनचा. तागे घेऊन टेम्पो थेट त्यांच्याकडेच गेला.

गुरुवारी दुपारी रमणिकशेठ मिठाईचा पुडा घेऊन दारात. मी नेमकी वाटी परत द्यायला तिथे गेले होते.

"अन्वरभाई, सच बात है. मी स्लो झालोय. डोकं पण गरम होतं, बीपीची गोळी चालू आहे. पण म्हणून काय काढून टाकणार?"

"कौन बोला?" म्हणून अन्वरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी वाटीत बघितलं.

नाझिया आतून धावत आली. तिच्या डोक्यात आपला लॅपटॉप. "नाही शेठ, प्रोसेसर नाही बदलत. तो काढताच येत नाही. फक्त मेमरी वाढवायची आहे."

शेठचा चेहरा पडला. "मेमरी? ते निळ्याच्या जागी हिरवे तागे रंगवले, त्याचं ना?"

"चार दिवसांत वाढेल, शेठ. पण अब्बांनी उद्याचीच तारीख दिलीय."

"उद्या?" शेठनी अन्वरभाईंचे दोन्ही हात धरले. "एका दिवसात मेमरी कशी वाढणार, भाई? जुलूम आहे हा! आठ दिवस तरी द्या!"

पंचवीस वर्षांचा दोस्त हात धरून उभा. अन्वरभाईंनी शेठकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, मिठाईच्या पुड्याकडेही बघितलं.

"ठीक आहे, बाबा. दिले आठ दिवस!"

शेठनी रुमालाने डोळे पुसले. मग नाझियाच्या जवळ सरकून हळूच विचारलं, "बेटी, बदाम भिजवून खाऊ, की कोरडेच?"