विहीणबाईंच्या आईचा ड्रेस

लेकीच्या लग्नाला थोडेच दिवस उरले होते, तेव्हा ती एक लांबलचक खोकं घेऊन आमच्या टेक्सासमधल्या प्लेनोच्या घरी आली. आत होता तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या आजीचा लग्नातला ड्रेस, पन्नासच्या दशकातला. सायीच्या रंगाचं सॅटिन, इवलीशी कंबर, खाली गरगरीत घेर, काखेखाली धातूची चेन. सोबत मनगटापर्यंतचे हातमोजेसुद्धा. आजी आता नाहीत. त्यांच्या लेकीने, म्हणजे माझ्या अमेरिकन विहीणबाईंनी, आईची एवढीच वस्तू जपून ठेवली होती आणि आपण होऊन ती माझ्या लेकीला रिसेप्शनसाठी दिली होती.

चेन लागेना. आमची लेक लहानपणापासून पोहणारी, पाठ आणि खांदे चांगले भरलेले. तिने श्वास रोखला, मी दात-ओठ खात चेन ओढली.

"आई, स्टॉप! फाटेल तो," ती ओरडली आणि पलंगावर बसून रडायलाच लागली. "इट्स हर मॉम्स. मी काय सांगू तिला?"

"काही सांगू नकोस. उसवून सैल करते," मी म्हटलं. शिवणकाम मला उत्तम येतं आणि ते मी कधी लपवलेलं नाही.

आमच्याकडे शिंपी साधा ब्लाउज शिवतानाही बाजूच्या शिवणीत दोन बोटं जादा कापड दुमडून ठेवतो. त्याला माया म्हणतात. अंग भरलं की उसवायचं आणि बाहेरून नवी शिवण घालायची. तशी सोय नसलेला कपडा असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लेक फुलवाल्याकडे गेली आणि मी आत न बघताच चेनच्या विरुद्ध बाजूची शिवण काखेपासून कंबरेपर्यंत सरळ उसवून टाकली.

आत काहीच नव्हतं. शिवण धरण्यापुरती बारीकशी कड, बस. आणि त्या जुन्या सॅटिनचे धागे माझ्या डोळ्यांदेखत सुटायला लागले. होती तशी शिवायची तरी कापड आणखी आत घ्यावं लागणार, म्हणजे ड्रेस आणखी घट्ट.

माझं धाबं दणाणलं. आमच्याकडे विहिणी रुसतात त्या जेवणात वाढप कमी पडलं, मानाची साडी हलकी निघाली, असल्या कारणांवरून. माझ्या विहीणबाईंना तर मी रुसायला खरंखुरं कारण दिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या ड्रेस बघायला येणार होत्या.

मग मला माझ्या आईचा ब्लाउज आठवला. तोही तिच्या लग्नातला, त्याच काळातला, मोतिया रेशमाचा, फुग्याच्या बाह्यांचा. आई गेल्यापासून तो माझ्या बॅगेत आहे. कधीतरी काढून हुंगते. डांबरगोळ्यांचाच वास येतो, तरी हुंगते. आता तो उलटा केला. आईच्या शिंप्याने हात आखडता घेतला नव्हता. बाहेरचं रेशीम पिवळं पडलं होतं, पण दुमडलेलं कापड नव्यासारखं होतं.

कात्री हातात घेऊन बराच वेळ बसले. शेवटी एकाच बाजूचं जादा कापड कापलं, ब्लाउजला धक्का न लावता. ते जोडून पट्टी केली आणि ड्रेसच्या उघड्या शिवणीत हाताने बसवली. लेकीने घातला आणि चेन सर्रकन वर गेली. ती आरशासमोर गोल गोल फिरत राहिली. फक्त उजवा हात वर केला की पट्टीचा वेगळा रंग दिसायचा.

विहीणबाई आल्या तेव्हा लेक ड्रेस घालूनच उभी होती. मी चहासुद्धा विचारला नाही, आधी सगळं सांगून टाकलं. त्यांनी लेकीचा हात वर केला, पट्टीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कुठलं कापड?"

"माझ्या आईच्या लग्नातल्या ब्लाउजचं."

त्या एकदम खाली बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या.

"माझ्या लग्नात मीही हाच घातला होता," त्या म्हणाल्या. "चेन अर्धीच लागली. भर उन्हाळ्यात दिवसभर शाल पांघरून बसले. आईला शेवटपर्यंत कळू दिलं नाही."

माझा जीव भांड्यात पडला. चहा टाकायला उठले, तर त्या माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्या कापडातलं अजून आहे का? लग्न झालं की मलाही एकदा चेन पूर्ण लावून बघायचीय."

दुसऱ्या बाजूचं कापड तसंच होतं. त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत मी म्हटलं, "एवढ्याने भागायचं नाही, विहीणबाई. पण आहे ते सगळं तुमचं."