नव्या इंजिनात भावोजींचं ऑइल

मंडळी, कुणाला डिझेल जनरेटरमधलं कळत असेल तर प्लीज सांगा, माझं डोकं बंद पडलंय.

पनवेलला आमचा मंडपाचा धंदा. जनरेटरचं इंजिन नुकतंच पूर्ण बांधून घेतलं. मेकॅनिकने बजावलं होतं, "पिस्टनच्या नव्या रिंगा घासून नीट बसेपर्यंत साधंच ऑइल टाका." पण भावोजी भारीतलं सिंथेटिक घेऊन आले. "नव्या इंजिनाला स्वस्तातलं कशाला?" घरच्या जावयाला नाही कोण म्हणणार? टाकलं!

आज लोडवर चालवला तर नुसता निळा धूर, आणि ऑइलही पितोय. मेकॅनिक फोनवर म्हणाला, "भारी ऑइल फार निसरडं, रिंगा घासल्याच नाय, बसल्याच नाय. ते काढा, साधं टाका. बसल्या तर बसल्या."

उद्या भावोजींच्याच मुलीची हळद आहे. त्यांच्या गावात लाइटचा भरवसा नाही, सगळं याच जनरेटरवर. आणि भावोजी आत्ता दारात उभे आहेत, हातात त्याच ऑइलचा दुसरा डबा घेऊन.

काय सांगू त्यांना?